उपास कुणाचा

“म्हणजे देह खोटा, हे तुम्हाला पटत नाही?” यशोधरने विचारले.

भागूमाई चुलीपुढे बसल्या होत्या. हातांची बोटे झडून गेलेली. महारोग बरा होऊन जमाना लोटला होता. गाव मात्र तो बरा झाला असे मानायला तयार नव्हते. तळव्यांनीच त्यांनी भाकरी थापली, तव्यावर टाकली.

“तुझं चालू दे. ऐकतेय मी.”

यशोधर शहरात प्रवचने करायचा. त्याला माईंचा शिष्य व्हायचे होते, म्हणून उन्हातून चालत तो गावाबाहेरच्या या मठीत आला होता. इथे कानात मंत्र देत नसत. माई आपल्या हाताने एक घास भरवत. तीच दीक्षा.

त्या हाताबद्दल त्याला कुणी सांगितले नव्हते.

“देह म्हणजे अंगावरचं वस्त्र,” तो म्हणाला. “जात, रूप, रोग, सगळं त्या वस्त्राचं. मी लोकांना सांगतो, अपमान झाला तो देहाचा झाला. तुमचा नाही. सोडून द्या.”

“आणि सोडतात?”

“शहाणे असतात ते सोडतात.”

माईंनी भाकरी दुधात कुस्करली. तळव्यावर घास घेऊन हात पुढे केला.

पाठ भिंतीला टेकली तेव्हा यशोधरला कळले, आपण मागे सरकलो आहोत.

“माई... आज माझा उपास आहे.”

“तुझा ना? मग देहाला जेवू दे.”

तो काही बोलणार होता. पण त्याने तोंड घट्ट मिटून घेतले.

दूध माईंच्या मनगटावरून ओघळत होते.

“पानावर ठेवा,” तो हळूच म्हणाला. “मी घेतो.”

“मग पानालाच गुरू कर.”

“माई, मी वाईट माणूस नाही.”

“म्हटलं का मी तसं?”

“मग हात खाली घ्या ना.”

“गाव म्हणालं, आडोशाला बस. नाही बसले. पाणवठ्यावर म्हणाले, मागे उभी राहा. नाही राहिले.” माईंचा आवाज चढला नाही. “ते निदान हात बघून तरी बोलत होते. तू म्हणतोस, हातच नाही.”

चुलीतले लाकूड तडतडले. यशोधरने मान खाली घातली. मग वर केली. हात तिथेच होता.

“मी... काय करू?”

“खांदा अवघडलाय रे माझा,” माई म्हणाल्या. “पण हात खाली नाही घेणार.”