चिमूट आणि मूठ

"पण बाबा, मी शिकवलं त्यात चूक काय होती? तेवढं सांगा."

प्रफुल्ल गुल्हाने ओसरीच्या पायरीशी उभा राहून विचारत होता. मोटारसायकल त्याने फाटकातच आडवी लावली होती. चपला काढायचंही त्याला सुचलं नव्हतं.

दामोदरबाबा ओसरीवर बसून कपबशा विसळत होते. अंगावर महानुभावांचे काळे कपडे, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा. काळे कपडे घेण्याआधी ते याच तालुक्यात मास्तर होते. प्रफुल्लला मुळाक्षरं त्यांनीच शिकवली होती, आणि आता तोही मास्तर झाला होता.

"आधी दंडवत म्हण," बाबा म्हणाले. "मंग भांड."

"दंडवत, बाबा."

"चपला काढ. बस."

तो बसला. फोन हातात घट्ट धरलेला. दर दोन वाक्यांनी तो फोनकडे बघत होता आणि फोन काही बोलत नव्हता.

"कोनाचा यायचा हाये?"

"आमच्या शाळेतल्या गावंडे बाईंचा. त्या दवाखान्यात आहेत. बाळाला झटके येताहेत, बाबा... दीड वर्षाचं बाळ आहे हो."

मग त्याने सांगितलं. सांगताना तीनदा अडखळला.

गावातली विहीर महिनाभरापूर्वीच नासली होती. घरोघर हगवण लागली होती. गुल्हाने गुरुजींनी वर्गात जलसंजीवनी शिकवली. शिकवायचीच होती ती. पुस्तकातही आहे आणि वेळही तशीच आली होती. काल वर्गातल्या अस्मिता वानखडेचा धाकटा भाऊ आजारी पडला. आईबाप कापूस वेचायला गेलेले. घरी पोर एकटी. तिने गुरुजींचं शिकवणं आठवलं आणि तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ टाकलं, चिमूटभर साखर टाकली. बाळ तोंड वाकडं करत होतं, थुंकत होतं. औषध म्हटलं की ते वाईटच लागतं, असं समजून तिने नाक दाबून चमच्या-चमच्याने पाजलं.

बाबांचा हात बशीवर थांबला.

"उलटं केलं तिनं," प्रफुल्ल म्हणाला. "मी बरोबर शिकवलं होतं. चिमूटभर मीठ, मूठभर साखर. देवाशप्पथ, बाबा. फळ्यावर चित्र काढलं होतं. सगळी मुलं हो म्हणाली होती."

"तिचा बाप आला होता शाळेत?"

"आला होता."

"काय म्हणे?"

"गुरुजी, काय शिकवलं तुम्ही माह्या पोरीले, म्हणे."

"अन् तू काय म्हटलं?"

प्रफुल्लने फोन उलटा करून पुन्हा सुलटा केला.

"प्रफुल, मी विचारलं काही."

"मी म्हटलं, मी बरोबरच शिकवलं. तिचंच लक्ष नव्हतं."

"पोरगी कुठं होती तवा?"

"बापाच्या मागे."

बाबांनी बशी पालथी घातली. दुसरी घेतली.

आता या प्रफुल्ल गुल्हानेंविषयी थोडं सांगायला हवं. तालुक्यात त्यांना 'उपक्रमशील शिक्षक' म्हणत. हे बिरुद एकदा चिकटलं की माणसाचा अर्धा जीव उपक्रमात आणि अर्धा त्याच्या फोटोत जातो. वर्गाला काय उरतं ते वर्गच जाणे. पण माणूस खोटा नव्हता. मुलांवर माया होती, घसा बसेपर्यंत शिकवायचा, सुट्टीच्या दिवशीही शाळा उघडायचा. याच जलसंजीवनीच्या धड्यावर त्याने कृतिसंशोधन केलं होतं. आपल्याच वर्गातली अडचण शिक्षकाने स्वतः शोधायची, उपाय करून बघायचा आणि काय फरक पडला ते मांडायचं, असा तो प्रकार. तालुक्यात त्याचं संशोधन पहिलं आलं. उद्या ते जिल्ह्याच्या शिक्षण परिषदेत मांडायचं होतं. नवा शर्ट इस्त्री होऊन खुंटीला लटकत होता.

"मी हे नुसतं शिकवलं नाही, बाबा," तो म्हणाला, आणि त्या अवस्थेतही त्याचा आवाज थोडा चढला. "मी त्यावर संशोधन केलंय. शंभर टक्के मुलांना धडा समजला, असा निष्कर्ष आहे."

"कसा काढला?"

"विचारलं ना मुलांना. एकदा धडा झाल्यावर, एकदा आठ दिवसांनी. सगळ्यांनी हात वर केले."

"तिनं?"

"तिनेही."

"म्हंजे संशोधन पोरायवर केलं."

"हो. मुलांवरच करतात."

"अन् मास्तरवर कोनं केलं?"

प्रफुल्लला राग आला. आपण इथे धीर घ्यायला आलो; 'तुझी चूक नाही रे पोरा' एवढे चार शब्द या म्हाताऱ्याने म्हटले असते तर त्याचं काय जात होतं?

त्याने पुन्हा फोन बघितला. काही नाही.

बाबांनी हात पुसले आणि ओसरीवरून उतरून खाली अंगणात मांडी घालून बसले.

"उठ. मले शिकव."

"काय?"

"तेच. जसं पोरायले शिकवलं तसंच. कमी नको, जास्त नको."

"बाबा, ही वेळ आहे का?"

"तुले दुसरं काय काम हाये आता? फोनकडं पाहनं?"

प्रफुल्ल उभा राहिला. पहिलं वाक्य जेमतेम निघालं. पण वीस वर्षांची सवय असते. दुसऱ्या वाक्याला हात आपोआप वर गेला, तिसऱ्याला आवाज लागला.

"तर मुलांनो, हगवण लागली की शरीरातलं काय कमी होतं? पा...?"

"...णीऽ," बाबा म्हणाले. अगदी पोरांच्या सुरात, शेपूट ओढून.

"मग घरच्या घरी आपण काय करायचं? जलसंजीव...?"

"...नीऽ."

"तांब्याभर उकळून गार केलेलं पा...?"

"...णीऽ."

"त्यात चिमूटभर मी...?"

"...ठऽ."

"आणि मूठभर साख...?"

"...रऽ."

"ढवळून बाळाला थोडं थोडं पाजा...?"

"...यचंऽ."

"समजलं का?"

"होऽऽ."

"सगळ्यांना समजलं?"

"होऽऽ."

"शाब्बास!"

शाब्बास तोंडातून गेलं आणि प्रफुल्लला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. तिकडे बाळाला झटके येत होते आणि इकडे त्याला धडा छान झाल्यासारखं वाटत होतं. पुढे कितीतरी दिवस त्याला या एका क्षणाची लाज वाटत राहिली.

बाबा उठून आत गेले. आतून तांब्या आणला, दोन बरण्या आणल्या. ओसरीवर मांडल्या. एका बरणीत हात घातला, मूठ भरून काढली आणि तांब्यात सोडली. दुसरीतून चिमूट घेतली. चमच्याने ढवळलं. सावकाश, नीट ढवळलं आणि तांब्या तोंडाशी नेला.

प्रफुल्लने झेप घेऊन त्यांचं मनगट धरलं.

"बाबा! मीठ आहे ते!"

"हो का?"

"मूठभर मीठ टाकलं तुम्ही! काय करता? तुमचं वय काय, रक्तदाब काय..."

"तू शिकवलं तसं केलं."

"मी असं नाही शिकवलं! तुम्हीच आत्ता बरोबर सांगितलं की! चिमूटभर मीठ म्हणालात ना?"

"मी?" बाबांनी त्याच्याकडे बघितलं. "मी कवा म्हटलं मीठ? 'चिमूटभर मी' इथपर्यंत तूच म्हटलं. मी नुसता 'ठ' म्हटला."

प्रफुल्लची नजर तांब्यावर गेली.

"बोल ना. साखरेतलं मी काय म्हटलं?"

"...र," प्रफुल्ल म्हणाला.

"बस. तेवढंच."

प्रफुल्लचा हात अजून बाबांच्या मनगटावर होता. बाबांनी तो सोडवला नाही.

"माहा हात तू धरला," बाबा हळू म्हणाले. "तिचा धराले तिथं कोनी नव्हतं रे."

प्रफुल्ल खाली बसला. त्याला वर्ग दिसत होता. पहिल्या रांगेतली चार हुशार पोरं आधी बोलत, बाकीची त्यांच्यामागून शेवटच्या अक्षराला येऊन मिळत. अस्मिता तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसायची. तिचं तोंड हललेलं त्याला आठवत होतं. तिच्या तोंडून आलेला एक तरी अख्खा शब्द त्याने आठवून बघितला. वर्षभरातला एक.

आठवला नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

त्याने फोनकडे बघितलं आणि उचलला नाही. पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते त्या घडीला त्याला कळलं. वाजत होता तोवर बाळ निदान जिवंत होतं.

"उचल," बाबा म्हणाले.

"नाही उचलवत, बाबा."

"उचल, प्रफुल."

त्याने उचलला. गावंडे बाई मोठ्याने बोलत होत्या; बाबांनाही ऐकू येत होतं. "सर, झटके थांबले बरं का. आईला ओळखलं त्यानं. डॉक्टर म्हणाले, धोका टळला. सर? ऐकताय ना, सर?"

तो ऐकत होता. फक्त बोलता येत नव्हतं. फोन मांडीवर ठेवून तो लहान मुलासारखा रडला. बाबांनी रडू दिलं.

डोळे पुसून तो म्हणाला, "सुटलो, बाबा."

"कोन सुटलं?"

"म्हणजे... बाळ."

"हां. बाळ सुटलं, परमेश्वराची कृपा." बाबा थांबले. "पोरीचं काय?"

"कोणाशी बोलत नाही म्हणे कालपासून. तांब्याला हात लावत नाही. पाणी प्यायचं तर आईने ओंजळीत द्यावं लागतं."

"वर्गात हो कोनी कोनी म्हटलं होतं?" बाबांनी विचारलं.

"सगळ्यांनी."

बाबांनी बरण्यांना झाकणं लावली.

बोलायची गरजच नव्हती. प्रफुल्लने तोच शब्द पुन्हा म्हणून बघितला. सगळ्यांनी. म्हणजे सुताराच्या ओमनेही. त्याची आजी कालपासून अंथरुणावर आहे. त्या दोघी जुळ्या बहिणींनीही. त्यांच्याकडे तान्हं बाळ आहे. भिंतीला टेकून बसणाऱ्या सूरजनेही. प्रत्येक घरात तांब्या, प्रत्येक घरात मीठ, आणि गुरुजींनी शिकवलंय म्हणून पूर्ण भरवशाने उठणारं एक पोर. विहीर अजून नासलेलीच होती. कोणाच्या डोक्यात काय बसलंय, हे त्याला एकाही घराचं सांगता येत नव्हतं. आणि फाईलवर त्याने स्वतःच्या हाताने शंभर टक्के लिहिलं होतं.

तो ताडकन उठला. घाईने एक पाय दुसऱ्याच चपलेत घातला.

"जातो, बाबा. आत्ताच जातो. सगळ्यांना समाजमंदिरात गोळा करतो. ग्रामपंचायतीचा माईक घेतो. पुन्हा शिकवतो, नीट शिकवतो. मोठ्यानं शिकवतो!"

"अन् शिकवून झालं का मंग विचारजो."

"काय?"

"समजलं का म्हून."

प्रफुल्ल जिथल्या तिथे थांबला. माईकसमोर उभा असलेला तो स्वतःला दिसला. समोर अख्खं गाव. सगळ्यांचा मिळून एकच होकार, आणि त्या होकाराने फुललेला आपला चेहरा.

त्याने पायांकडे बघितलं. चपला अजून उलट्याच.

"नाही विचारणार," तो म्हणाला.

तो पायरीवर परत टेकला.

"बाबा, मले खरंच मालूम नाई." शाळेतली भाषा कधी गळून पडली ते त्याचं त्यालाच कळलं नाही. "त्या दिवशी मी पोरायले काय शिकवलं, हेच मले मालूम नाई. मी काय बोललो ते मालूम हाये. पन शिकवलं काय? ते शोधल्याबगर पुढचं शिकवू कसं?... कोनाले विचारू, बाबा?"

बाबांनी तांब्या उचलला आणि त्यातलं पाणी फाटकाबाहेर, मोरीपलीकडच्या मुरमाड जागेत ओतून दिलं. तांब्या दोनदा विसळला. मग म्हणाले,

"जिनं कालवलं, तिले."