हलक्या गाडीचं लिंबू

जनावरंही मुहूर्त बघून गाड्या घेत, त्या काळी एका मुंगसाला शर्यतीचं वेड लागलं. रस्त्यावर चालेल आणि शर्यतीतही पळेल अशी गाडी त्याने कोल्ह्याकडून घेतली. ती हलकी व्हावी म्हणून कोल्ह्याने गादी, रेडिओ, स्टेपनी सगळं काढलं आणि किंमत मात्र वाढवली.

शर्यतीच्या दिवशी दारात पूजा झाली. मुंगसाच्या आत्याने चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी वर चढली, पण एकही लिंबू फुटलं नाही.

"अपशकुन!" आत्या ओरडली. "लिंबू फुटल्याशिवाय गाडी हलायची नाही."

ती स्वतःच आत बसली. लिंबू ढिम्म. शेजारचं रानडुक्कर बसलं, तेव्हा जरासं चेपलं. शेवटी म्हशीला टपावर चढवलं आणि चारही लिंबं फचकन फुटली.

"आता उतरा," मुंगूस हात जोडून म्हणाला.

"पहिल्या फेरीला मधेच कोणी उतरतं का?" म्हैस म्हणाली.

सगळे तसेच शर्यतीत धावले. गाडी गोगलगाईच्याही मागून, शेवटून पहिली आली. मुंगूस रडकुंडीला आला.

आत्याने त्याच्यावरून कडाकडा बोटं मोडली. "पुढच्या तीन गाड्या एकमेकींवर आदळल्या, आणि तुझ्या गाडीला साधा ओरखडा नाही. लिंबाचा गुण, बाळा!"