मळाईची बकुळ

गोदाकाठच्या गाळेगावात मळाईच्या देवळापुढे दीपमाळ आहे, पण दगडाची नव्हे. ती आहे बकुळीची. पानांचा एक थर, मग मोकळी जागा, मग पुन्हा थर, असं ते झाड निमुळतं होत वर गेलं आहे. शेंड्याखालचा एक थर मात्र नाहीच. परगावचं कुणी त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवतं, तेव्हा भागोजी गुरव त्याला पायरीवर बसवतात आणि सांगू लागतात.

या शिवारात औषधालाही दगड मिळत नाही, नुसती काळी माती. पूर्वी म्हणे गावानं लांबून दगड आणून दीपमाळ उभारली. पहिल्या पावसाळ्यात ती कलली, दुसऱ्यात कोसळली. पलीकडच्या काठचे लोक भर जत्रेत म्हणाले, "तुमची देवी अंधारातच बरी!"

ते सगुणा माळणीच्या जिव्हारी लागलं. देवळाच्या फुलबागेचं काम तिच्या सासरकडे होतं. तिनं देवीपुढे पदर पसरला. "आई, ही माती दगड धरत नाही, पण झाड धरते. तुझी दीपमाळ मी वाढवीन."

बकुळीची किती रोपं तिनं पाहिली आणि टाकली! एकाच्या बुंध्याला दुबेळकं फुटलेलं, दुसऱ्याला बाक. अखेर एक सरळसोट मिळालं. त्याच्या फांद्या अंबाडीच्या दोरीनं ताणून तिनं आडव्या केल्या. दिव्याची ज्योत वरच्या पानाला लागू नये म्हणून दोन थरांमधली नवी फूट ती कोयत्यानं उतरवत राहिली. लोक हसले, मग हसायचे थांबले. सगुणाचे केस पिकले.

त्रिपुरी पौर्णिमेला दिवे लावायचं ठरलं, आणि ऐन आश्विनात वादळानं शेंड्याखालच्या थराची नदीकडची बाजू मोडून नेली. सगुणा कोयता घेऊन शिडी चढली आणि उरलेल्या धडधाकट फांद्यांपाशी थांबली.

धावजी पाटील खालून ओरडले, "सगुणाकाकू, चांगल्या फांदीला हात लावू नका!"

"एकाच खांद्यावर ओझं घेऊन झाड किती दिवस तग धरील, पाटील? वाऱ्यानं अर्धं नेलं. उरलेलं मलाच उतरवायला हवं."

लेक पाळण्यात होती त्या साली बांधलेल्या त्या फांद्या. सगुणाचा हात थरथरला. तिनं क्षणभर बुंध्याला कपाळ टेकलं आणि घाव घातला.

त्रिपुरीला पलीकडचे लोक नावा भरून आले, ते झाड पेटलेलं बघायला. तिन्हीसांजेला पणत्या उजळल्या. थराथरावर ज्योती उभ्या राहिल्या, पण एक पान करपलं नाही. आणि पूर्वेकडून वर चढता चढता पौर्णिमेचा चंद्र नेमका त्या रिकाम्या थरात येऊन बसला, असं सांगतात. नदीपलीकडच्या ज्या म्हाताऱ्यानं देवीला हिणवलं होतं, त्यानं पागोटं उतरवून बुंध्याशी ठेवलं. सगुणा ताठ मानेनं वर बघत राहिली.

तो थर गावानं पुन्हा वाढू दिला नाही. आजही त्रिपुरीच्या आधी तिथले कोंब उतरवायला गावात नव्यानं आलेली सून शिडी चढते, मग ती कोणत्याही घरची असो. खाली उतरली की म्हाताऱ्या बाया तिला विचारतात, "हात थरथरला का गं?" ती "हो" म्हणाली की तिची ओटी भरतात, आणि त्या दिवसापासून ती गाळेगावची.