वाळवणावरचा कावळा

एका गावात बायजाक्का नावाची एक चितारीण होती. जत्रेत पिनबॉलच्या पेट्या मांडतात ना, त्यांवरची चित्रं ती रंगवायची. दांडी ओढून सोडली की लोखंडी गोळी उसळायची, खिळ्यांना धडकत खाली घरंगळायची. खालची दोन फळकुटं वेळेवर हलवली तर पुन्हा वर जायची. चित्रातल्या नेमक्या जागी लागली की घंटा ठणाणायची.

पेट्या होत्या नेमाशेटच्या. दर वर्षी त्याचं एकच पालुपद, "अक्का, पैलवान काढ. वाघाची शिकार काढ. खेळणाऱ्यांना तेच लागतं." आणि दर वर्षी तेच पंधरा-वीस तरणे गडी पेट्यांना चिकटलेले. बाकी जत्रा लांबून बघायची नि पुढं जायची.

बायजाक्काला हे सलायचं. एकदा तिनं कडेला उभ्या असलेल्या बाईला विचारलंच, "तू का गं खेळत नाहीस?"

"मारामारी होय? ती काय घरी बघायला मिळत नाही?" बाई म्हणाली, नि चालू लागली.

त्या चैत्रात बायजाक्कानं शेटला न विचारता एक पेटी रंगवली. अंगणात खाट, खाटेवर कुरडया-पापडांचं वाळवण, आणि त्यावर डोळा ठेवून बसलेला लबाड कावळा. गोळी कावळ्याला लागली की घंटा. खालच्या दोन फळकुटांपैकी एकाचं तिनं केलं लाटणं, दुसऱ्याची राखणीला बसलेल्या म्हाताऱ्याची काठी.

नेमाशेटनं कपाळाला हात लावला. "हे मांडायचं जत्रेत? बायकांसाठीच हवं तर फुलं-वेली काढ."

"का? बायकांना नेम धरून ठोकावंसं वाटत नाही?"

"मग निदान कोपऱ्यात एक पैलवान काढ. नाहीतर पुढच्या वर्षी काम दुसऱ्या चिताऱ्याला."

बायजाक्काची चूल त्याच कामावर पेटत होती. तरी तिनं कुंचला धुऊन कोनाड्यात ठेवला. "माझ्या अंगणात पैलवान येणार नाही. मांडायची तर अशीच मांड. नाही चालली, तर मीच तुझी पायरी चढणार नाही."

शेटनं रागारागानं ती पेटी उसाच्या रसाच्या गाड्यामागं, चिपाडांच्या ढिगाशी मांडली.

पहिली आली एक बोळक्या तोंडाची म्हातारी. चित्र बघितलं नि ओरडली, "मेल्या, माझ्या कुरडया!" दांडी अशी खेचली की पहिल्याच गोळीला घंटा. तिच्या हसण्यानं सून धावत आली. सुनेमागं जावा, नणंदा, रसाचे पेले हातात घेतलेली माणसं. दिवस कलेपर्यंत रांग देवळाच्या पायऱ्यांपर्यंत गेली. रांगेत तालमीचे वस्ताद!

"वस्ताद, तुम्ही इकडं कुठं?" कुणीतरी चिडवलं.

"घरी वाळवणाची राखण माझ्याकडंच असते," वस्ताद मिशीला पीळ देत म्हणाले. "ह्या काळ्याचं नि माझं जुनं वैर आहे."

नेमाशेट धापा टाकत आला. "अक्का, पुढच्या वर्षी सगळ्या पेट्यांवर कावळेच काढ!"

"मुळीच नाही. कावळा एकच," बायजाक्का म्हणाली. "अजून कोण कोण लांब उभं आहे, त्यांना आधी विचारून येते. तुला नाही विचारणार."

तात्पर्य: जे आधीच आले आहेत त्यांनाच विचाराल, तर तेवढेच येत राहतील. सगळ्यांसाठी काही करायचं असेल तर लांब उभ्या असलेल्यांना विचारा, आणि त्यांच्यासाठी केलेलं कुणाच्या धाकानं पुसू नका.