शेवग्याच्या पाल्याचा नैवेद्य

भाविकहो, त्या साली भानुगिरी महाराजांनी चातुर्मासासाठी आवळवाडीच्या देवळात आसन मांडले होते. त्याच गावात सगुणा शिंपीण राही. नवरा गेलेला, पदरात एकच लेक, येसू. पोर दिवसभर बागडे; पण दिवेलागण झाली की भिंती चाचपडू लागे.

एका संध्याकाळी आरतीच्या गर्दीत येसूचा पाय लागून समई कलंडली. झाले! देवळाचे मानकरी आबाजीपंत कडाडले, "देवानेच हिला अंधारात ठेवलंय. मागच्या जन्मीचं पाप! उद्यापासून ही पोर देवळात नको."

सगुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एवढ्याशा पोरीचं कसलं हो पाप? ज्याने डोळे दिले त्याच्याच दारात बसणार मी. उठवून दाखवा!" आणि लेकीला कुशीत घेऊन ती पायरीवर बसली.

महाराज बाहेर आले नि हसले. म्हणाले, "सगुणे, भांडतेस ते बरं करतेस. पण तुझ्या दारात काय उगवतं?"

"शेवगा, महाराज. गरिबाच्या दारात दुसरं काय असणार?"

"मग रोज त्याच्या पाल्याची भाजी आण, वर तुपाची धार सोड. देवाला नैवेद्य दाखवू. प्रसाद मात्र येसूने पोटभर खायचा."

"शेळीचा पाला देवाला?" पंत फणकारले. "मग आमच्या शिऱ्याचं काय?"

"शिरा तुमच्या नातवाला घाला," महाराज म्हणाले.

पंतांचा नातू वसंता. संध्याकाळी पंत त्याचा हात कधी सोडत नसत. लोक म्हणत, काय ही माया!

सगुणा हटली नाही. लोक हसले, पंतांनी तोंड फिरवले, तरी रोज ती भाजी घेऊन पायरीवर हजर! आणि महाराज स्वतः उठून ताट आत नेत.

श्रावण सरत आला. एके दिवशी तिन्हीसांजेला असा वारा सुटला की देवळातले सगळे दिवे विझले. गर्दीत पंतांच्या हातून वसंताचा हात सुटला.

"आजोबा, मला दिसत नाही!" आवाज देवळामागच्या खोल बारवेच्या बाजूने आला.

कोणी हलायच्या आत येसू पायरीवरून धावली. बारवेच्या काठाशी तिने वसंताचा सदरा गच्च धरला आणि त्याला मागे ओढले.

"येसू... तुला दिसलं?" सगुणाने धावत येऊन विचारले.

"हो आई. त्याचा पांढरा सदरा दिसला."

इतके दिवस ताठ बसलेली सगुणा तिथेच ढसाढसा रडली. धन्य ते महाराज!

पंतांनी महाराजांचे पाय धरले. "हाही संध्याकाळी चाचपडतो, महाराज. लोक नावं ठेवतील म्हणून हात धरून झाकलं. आणि हिच्या लेकीला मी पापी म्हणालो!"

"माझे पाय कसले धरता?" महाराज म्हणाले. "रांधणारीकडे मागा."

सगुणाने डोळे पुसले, द्रोण भरला. "घ्या पंत. पण पायरीवर बसून खायचं हं. आमची जागा तीच."

आबाजीपंत नातवाला घेऊन पायरीवर बसले. वसंताला त्यांनी आपल्या हाताने पहिला घास भरवला, मग डोक्यावरची पगडी काढली आणि येसूपुढे माथा टेकला.