बिनफोडणीची सनद

उंबरकोटच्या वीरभद्रमहाराजांना अंगरखा होईना.

डावा हात गेला, उजवा हात गेला, पण पुढचे बंद एकमेकांपासून वीतभर लांबच राहिले. चार नोकरांनी मागून ओढलं, दिवाण त्र्यंबकपंतांनी पुढून पोट दाबलं. महाराज आधी लाल झाले, मग जांभळे झाले. बंद काही भेटले नाहीत.

"दुसरा शिवा," महाराज धापा टाकत म्हणाले.

"सनद, महाराज," दिवाण हळूच म्हणाले.

इथेच तर घोडं पेंड खात होतं. बारा वर्षांपूर्वी, राज्याभिषेकाच्या दिवशी, राज्य कसं चालवायचं याची सनद एका लांबलचक कापडावर लिहिली गेली. राजाचे हक्क काय, प्रजेचे काय, न्याय कोणी करायचा, सगळं तिच्यात होतं. एकतीस कलमं, आणि बरीचशी शहाणपणाची. नववं कलम सांगे की राजाने नव्या कपड्यांवर खजिना उधळू नये. दर वर्धापनदिनी अभिषेकाचाच अंगरखा घालून गादीवर बसावं, त्याला बाहेरचं कापड लावू नये, आणि अंगरखा होत नसेल तर गादी सोडावी.

सतरावं कलम मात्र निराळंच होतं. त्या दिवशी महाराजांना सर्दी झाली होती. मुदपाकखान्यातून मिरचीचा खकाणा आला, महाराजांना ठसका लागला, आणि शिंकता शिंकता त्यांनी लिहायला लावलं, 'या राज्यात कोणी फोडणी देऊ नये. देईल तो तुरुंगात जाईल.'

सर्दी तीन दिवसांत गेली. कलम राहिलं. कारण शेवटचं कलम असं होतं की सनदेतलं एक अक्षर खोडू नये, बदलू नये आणि सनदेला बाहेरचा तुकडा जोडू नये. कारकून तर इतका हुशार की त्याने कापड काठोकाठ लिहून भरलं. मुंगीला बसायला जागा ठेवली नाही.

तेव्हापासून अख्खं उंबरकोट पांचट वरण गिळत होतं. महाराजांना तेही गिळवेना, म्हणून बारा वर्षं ते बासुंदी आणि गूळपोळीवर जगले. मग अंगरखा कसा होणार?

वर्धापनदिन चार दिवसांवर आला होता. अंगरखा शिवणाऱ्या मथुराबाई शिंपिणीला बोलावणं गेलं.

मथुराबाईचं मन आधीच थाऱ्यावर नव्हतं. तिचा नवरा केरबा दिवाळीपासून तुरुंगात होता. सणाच्या दिवशी त्याला राहवलं नाही, त्याने आमटीला चोरून फोडणी दिली. चोरी लपते, पण मोहरी लपते का? तडतड शेजाऱ्याने ऐकली. आता मथुराबाई रोज त्याला डबा नेई, आणि केरबा वरणाकडे बघून डोळे पुसे.

"मथुराबाई, हा मला झाला पाहिजे," महाराज अंगरखा पुढे टाकत म्हणाले. "बाहेरची चिंधीही लावायची नाही. जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं तर नवऱ्याशेजारी तुरुंगात!"

"म्हंजे हरले तरी घरधनी भेटतोय की," मथुराबाई म्हणाली. "महाराज, आसा सौदा तुमीच करू जाणे."

वर्धापनदिनी दरबार भरला. मथुराबाईने अंगरखा चढवला, बंद बांधले. वर दोन गूळपोळ्यांना जागा उरली.

"नवं कापड लावलंय!" दिवाण ओरडले.

"जुनंच हाय. उसवून बगा," मथुराबाई म्हणाली. "शिवताना शिंपी शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठिवतो. त्याला आमी माया म्हंतो. पुढं अंग वाढलं की ती सोडायची. राजाचं अंग वाढनारच, म्हनून मी चार बोटं जास्त ठिवली हुती."

दिवाणांनी शिवण तपासली आणि मान डोलावली. महाराज गादीवर बसले, ऐटीत बसले. "माग काय हवं ते."

"केरबाला सोडा. आन फोडणीलाबी."

महाराजांचा चेहरा पडला. "ते माझ्या हातात नाही गं. सनदेपुढे मीही कोण? बरं, एवढी हुशार आहेस ना? एक अक्षर न खोडता, तुकडा न जोडता, फोडणी सुरू करून दाखव. केरबा सुटला म्हणून समज."

दरबार हसला. मथुराबाईने शांतपणे कनवटीची कात्री काढली आणि भिंतीवरच्या सनदेची खालची किनार हातात धरली.

"सनदेला कात्री?" दिवाण उडालेच.

"सनदेला न्हाई, टाक्याला."

तिने टाके कापले. किनारीची घडी उलगडली आणि खाली वीतभर कोरं कापड लोंबू लागलं.

"अभिषेकाच्या सकाळी ही किनार मीच दुमडली हुती," ती म्हणाली. "तुमची मोहोर उठली तवा हे आतच हुतं. बाहेरचं न्हाई. काय लिवायचं त्ये हितं लिवा."

"अगं, पण सनदेला माया सोडायला तुला सांगितलं कोणी?"

"अंगरखा एकट्या राजाला घालायचा, तरी चार बोटं सोडली," मथुराबाई म्हणाली. "ही तर समद्या राज्याला घालायची, महाराज!"

महाराज हसू लागले. इतके हसले की सगळ्यांची नजर बंदांकडे गेली, पण बंद टिकले. त्यांनी सनद भिंतीवरून उतरवून घेतली, स्वतः बोरू उचलला आणि कोऱ्या जागेवर लिहिलं, 'सतरावं कलम महाराजांची ती सर्दी असेपर्यंतच लागू.'

"आणि ही जागा भरली म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"किनार दोनदा दुमडलीया."

महाराजांनी हसत हसत तिला चांदीची कात्री दिली. केरबाला तुरुंगातून थेट पंगतीला आणून पाटावर बसवलं. मुदपाकखान्यात बारा वर्षांनी मोहरी तडतडली, खकाणा दरबारभर पसरला, आणि महाराज सणसणीत शिंकले.

कारकुनाने झटकन बोरू शाईत बुडवला. मथुराबाईने त्याहून झटकन सनदेची कोरी जागा गुंडाळली आणि ती तिच्यावरच बसली.

"राहू दे रे," महाराज डोळे पुसत म्हणाले, "आधी आमटी वाढा!"