ओरडणारी जीप

पत्नी गेल्यापासून भास्कररावांच्या घरात आवाज असा उरला नव्हता. दारातली जुनी जीप ते रोज सकाळी सुरू करत, तेवढीच सोबत. पण महिन्याभरापासून ती अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावताच उभ्या जागी ओरडू लागली होती. कॉलनीचे अध्यक्ष टिळेकरसाहेब निवृत्त मुख्य अभियंते. त्यामुळे त्यांना काही तपासून बघावं लागत नसे. ‘इंजिन संपले आहे, गाडी हटवा’ अशी नोटीस लिहून ते भंगारवाल्यालाच घेऊन आले.

“पाना न लावता आत्ता गप्प करून दाखवा, नाहीतर गाडी गेली!”

भास्कररावांनी जीप सुरू केली, बॉनेट उघडलं आणि तांब्यातलं पाणी रबरी नळ्यांवर थेंबथेंब सोडलं. एका नळीवर पाणी पडताच आवाज उतरला. तिथल्या चिरेतून इंजिन जादा हवा ओढत होतं. चिरेवर त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली. जीप शांत झाली.

“नशीब तुमचं!” साहेब म्हणाले.

“असेल. पण साहेब, मृत्यूचा दाखला देताना डॉक्टर नाडी तरी बघतो. तुम्ही बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतंत.”

भंगारवालाही हसला. मग सगळे आपापल्या घरी जेवायला गेले. भास्करराव जीपमध्येच बसून राहिले. त्यांना घाई नव्हती.